वेल्डिंग केलेली टाकी

तुमचे मूल ज्या गाडीने शाळेत जाते, तिच्या मागच्या सीटखाली काय बसवले आहे, हे तुम्ही कधी वाकून पाहिले आहे का?

अकोल्याकडच्या मालेगाव तालुक्यातल्या त्या शनिवारची आठवण निघाली, की पोलिसातून निवृत्त झाल्यावरही मी रस्त्यावरच्या शाळेच्या गाडीकडे वळून बघतो. हजेरी आटोपून मी ठाणे अंमलदाराशी बोलत होतो, तोच फोन वाजला. बाईचा दबका आवाज होता. "साहेब, शाळेच्या एका गाडीची गॅसटाकी वेल्डिंग केलेली हाय. लेकरं मरतीन." कोणती गाडी, कोण बोलते, हे विचारेपर्यंत फोन बंद झाला.

सीएनजी टाकीत प्रचंड दाबाने भरतात. ती टाकी लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवायची असते. तिच्या अंगाला वेल्डिंग केले तर पोलाद कमजोर होते आणि भरताना टाकी फाटू शकते. गाडीत त्या वेळी कोण बसले आहे, हे टाकी बघत नाही.

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मी शिपाई पिटाळले, पण निम्म्या गाड्या मुलांना घेऊन खेड्यांकडे निघून गेल्या होत्या.

गावात गॅसचे किट बसवणारा गॅरेजवाला एकच. मूळचा ट्रॉल्या आणि पेरणीयंत्रे बनवणारा. त्याला ठाण्यात आणले.

"शाळेच्या गाड्याले किट कोणं लावल्या?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"म्याच लावल्या, साहेब. पन पक्क्या लावल्या. माही ट्रॉली पाहा, बैल थकतीन, जोड नाही सुटनार."

"एखाद्या टाकीले वेल्डिंग मारलं काय?"

"नाही जी. मी काय येडा हावो?"

आरोपी खोटे बोलताना नजर चुकवतो असे लोक समजतात. हा माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता. बाहेर रस्त्यावर एखाद्या व्हॅनचा हॉर्न वाजला, की मात्र त्याची मान त्या बाजूला वळत होती.

आमची महिला शिपाई त्याच्याच गल्लीत राहायची. ती दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊ, तुमची पोरगी आता फटफटीवर काहून जाते? व्हॅन तं तुमच्या दारातच येते."

"तिले... व्हॅनमधी मळमळते."

"इतके दिवस नाही मळमळलं? खिडकीजवळची जागा नाही भेटली तं भांडत होती ते!"

दोन्ही हातांनी तोंड झाकून तो म्हणाला, "तेच गाडी हाय. टाकी हालत होती, म्हनून म्या स्टँड टाकीलेच जोडला. ट्रॉलीले करतो तसा. मंग अकोल्याच्या एका फिटरनं सांगतलं, असी टाकी फुटते."

"डायवरले काहून नाही सांगितलं?"

"माहं दुकान बसलं असतं, साहेब."

ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. "शनिवारी तो मेडशी रोडच्या पंपावर गॅस भरते," गॅरेजवाला म्हणाला. पंपाचा फोनही लागेना. आम्ही जीप काढून पंपाकडे निघालो. प्रत्येक वळणावर मी आधी आकाशाकडे बघत होतो, धूर दिसतो का म्हणून.

व्हॅन रांगेत दुसरी होती. भरताना गाडीत कोणी बसायचे नाही हा नियम. पण ऊन होते, म्हणून मुले आतच होती. एक चिमुरडी काचेला नाक चिकटवून आमच्याकडे बघून हसत होती. ड्रायव्हर धावत आला. "साहेब, पीयूसी हाय माह्याजवळ! लायसन बी हाय!"

"चाबी दे. लेकरं खाली उतरव."

शिपायांनी मुलांना उचलून दूर शेताच्या बांधापर्यंत नेले. पंपवाल्याने पुरवठा बंद केला. जाणकार माणसे बोलावून पुढे टाकी रिकामी केली, पंचनामा झाला. वेल्डिंगच्या कडेने बारीक तडा गेला होता. गुन्हा दाखल झाला. तो फोन कोणी केला होता, याचा मी तपास केला नाही; गावात ही गोष्ट एकाच घराला ठाऊक होती.

या कामात मी निर्ढावलेले लोक पुष्कळ पाहिले. त्यांची मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती या कष्टाळू, घाबरट बापाची. रोज सकाळी स्वतःच्या लेकीला फटफटीवर बसवून, तीच व्हॅन इतरांच्या लेकरांनी भरताना तो बघत होता. स्वच्छ आणि स्वस्त इंधन आपल्या गावात यायलाच हवे. ते आणताना असे गप्प बसणे चालणार नाही! धोका एका घराला कळला आणि बाकीच्यांना कळू दिला नाही, तर तो गुन्हाच आहे, मग कायद्यात त्याला कलम असो वा नसो.

म्हणून माझी एक विनंती आहे. गाडीबद्दल मनात शंका आली, तर फक्त आपले मूल उतरवून घरी जाऊ नका. गाडीसमोर उभे राहा, आणि शेवटचे मूल खाली उतरेपर्यंत तिथून हलू नका.