गाळलेली ओळ

सर गेल्याची बातमी मला ब्रह्मपुरीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने आरमोरीच्या स्टँडवर दिली. "तुमचे आंधळे सर गेले बाई. सुटले बिचारे," असं म्हणून त्याने घंटी मारली आणि गाडी पुढे गेली. मी कुबड्या टेकून तिथेच उभी. वाईट वाटायच्या आधी मला राग आला. सुटले म्हणजे? कशातून? रामटेके सर कॉलेजात इतिहास शिकवत होते, दोन वेळ पोटभर जेवत होते आणि मागच्याच आठवड्यात माझ्या एका लेखाचा मसुदा त्यांनी तिसऱ्यांदा परत पाठवला होता. अशा माणसाला कशातून सुटायचं असतं? आज महिना उलटला, तो राग काही उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

माझे पाय मी दोन वर्षांची असताना पोलिओने नेले, सरांचे डोळे लहानपणीच देवीच्या रोगाने. आरमोरीजवळच्या खेड्यातून मी ब्रह्मपुरीला शिकायला आले तेव्हा इतिहासाचा वर्ग माडीवर भरायचा आणि शिपाई मला उचलून वर नेत असे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट उपकारच वाटायचे. सरांना हे कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्ग खाली व्हरांड्यात घ्यायला सुरुवात केली. प्राचार्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, पोरगी ठीक आहे, वर्गच चुकीच्या जागी आहे. पंधरा दिवस शेजारच्या वर्गांनी आमचा गलबला सोसला, मग आम्हाला खालची खोली मिळाली. पोरं आम्हाला आंधळ्या-लंगड्याची जोडी म्हणायची, त्या गोष्टीतली. ते सरांच्या कानावर गेलं तेव्हा मला म्हणाले, "मी कोणाले खांद्यावर घेत नाई. तुले याचं असन तं तुह्या कुबडीनं ये."

रविवारी त्यांच्या घरी आमची बैठक असे. मूल गावाहून कमी ऐकू येणारा एक मुलगा यायचा, राइस मिलच्या पट्ट्यात हात गेलेली एक मुलगी यायची, आणि मी. अभ्यास व्हायचा, वाद व्हायचे, आणि अर्ज व्हायचे. वसतिगृहाचा अर्ज, परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून अर्ज. सर प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचायला लावत. शेवटी 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे आलं की टेबलावर बोट आपटत. खोड ते, म्हणत. हक्काचं मागायचं आणि वर हात पसरायचा, हे त्यांना सोसतच नसे.

एम.ए. झाल्यावर मी पीएच.डी.साठी विषय निवडला आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे या धानाच्या मुलखातल्या, मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातल्या मालगुजारी तलावांचा. कोणत्या गावाने तलावाचं पाणी कसं वाटून घेतलं, हे कागदांत फारसं नव्हतं, म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं. त्यांच्या दारी जाऊन बसणं भागच होतं. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि कितीतरी गावांना धड रस्ता नव्हता. मला हा विषय देतील का, या विचाराने झोप उडाली होती. अर्ज टाइप करणाऱ्याने सवयीने विचारलं, शेवटी सहानुभूतीचं टाकू ना, त्याशिवाय अर्ज हलत नाही. मी टाका म्हटलं. संध्याकाळी सरांना अर्ज वाचून दाखवला, पण वाचताना ती ओळ गाळली. मी त्यांचं बोट जिथे ठेवलं तिथे त्यांनी मार्गदर्शक म्हणून सही केली. जो माणूस माझ्या डोळ्यांवर विसंबून होता, त्याला मी फसवलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

विद्यापीठाच्या समितीपुढे सर माझ्या शेजारी बसले होते. अध्यक्ष भला माणूस होता, हेच तर दुखणं. त्यांनी माझा अर्ज उचलला आणि नेमकी ती ओळ मोठ्याने वाचली, 'माझ्या अपंगत्वाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' मग म्हणाले, तो आम्ही केला आहे. रानावनात वणवण कशाला करता? विषय बदलून देतो, ग्रंथालयात बसून सुखाने काम करा. माझी मान वर होईना. सर उठले, अर्ज मागे घेतो म्हणाले, आणि काठी टेकत दाराकडे गेले. समितीची पुढची बैठक वर्षाने होती.

परतीच्या गाडीत मी रडत होते. निम्म्या वाटेवर सर हळूच म्हणाले, "वाचतानी तू त्या जागी थांबली होती. मले वाटलं, ठसका लागला असन..." हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "खोटं वाचलं त्याचा राग आहेच. पण तू त्याहिले दया मांगितली अन् त्याहिनं देली. आता ते वापस कर."

मी ती दया कशी वापस केली ते सांगते. नोंदणी नसताना त्या वर्षी मी तलावांवर फिरले. एसटी, जीप, शेजाऱ्याची बैलबंडी, मिळेल ते. तलावाची पाळ, म्हणजे उंच मातीचा बांध, चढताना कुबड्या पुढे फेकायच्या आणि बसून, हातांवर जोर देत, मागे मागे वर सरकायचं. तळहात सोलून निघायचे. एका गावात तरुणपणी तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा म्हातारा हे बघत होता. म्हणाला, "साहेब लोकं गाडीतूनच तलाव पाह्यते. तू तं पाळीवर येऊन बसली. बस, सांगतो." मला चटकन उठता यायचं नाही, म्हणून लोकही बोलत राहायचे. सुटीच्या दिवशी सर बरोबर यायचे, गुपचूप ऐकायचे आणि वाटेत मी काय विचारायचं विसरले ते सांगायचे. वह्या मी त्यांना वाचून दाखवायचे. खोडलेलंही वाच, असा त्यांचा हुकूम होता. तेवढाच टोमणा, दुसरा कधी मारला नाही.

पुढच्या वर्षी तीच समिती, तेच अध्यक्ष. अर्जात ती ओळ नव्हती. कशा फिरणार, असं त्यांनी विचारताच मी वह्या टेबलावर ठेवल्या. ते पानं उलटत गेले आणि माझी कीव करायची त्यांची राहूनच गेली. विषय मिळाला. सर बाहेर येऊन म्हणाले, चहा पिऊ, तो तू पाज.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. ठराव वाचायला मला बोलावलं आणि कागद तिथेच हातात दिला. सुरुवात ठीक होती. पुढे लिहिलं होतं, 'दैवाने दृष्टी हिरावून घेतलेल्या या अभागी जीवाने...' ती ओळ गाळून जाणं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. मी गाळली नाही. शब्दन् शब्द वाचली, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशी. मग शेजारच्यांचं पेन घेतलं आणि सगळ्यांदेखत ती खोडली.

सभेत चुळबुळ झाली. शोकसभेच्या अध्यक्षांनी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, मग त्या जागी काय लिवाचं?"

"लिहा," मी म्हटलं, "इतिहास शिकवत होते. चांगला शिकवत होते."