बाईंच्या हातातली कात्री

आमचे हे झेंडे शिवतात. तसे शर्ट, पडदे, उशांचे अभ्रेही शिवतात. पण कोणी विचारलं की 'मी झेंडे शिवतो' एवढंच सांगायचं, तेही छाती पुढे काढून. शाळा, पोस्ट, नगरपालिका, सगळीकडचा झेंडा आमच्याच दुकानातून जातो. देवावर भक्तीही तेवढीच. सकाळची प्रार्थना चुकली की दिवसभर बिचाऱ्या मशीनला शिव्या. मी शेजारी बसून काजं करते, बटणं लावते आणि गेली चार वर्षं ह्यांच्या सुईत दोरा ओवून देते. उजव्या डोळ्याने ह्यांना जवळजवळ दिसत नाही, डाव्याने जेमतेम. बाहेर कळलं तर दुकानात कोण येणार, म्हणून मी मूग गिळून बसले होते.

नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून दोघं उभे होते. एक ठेकेदार. त्याने बांधलेलं गटार दोनदा ढासळलं, पण प्रार्थनागृहाचं छप्पर त्याने स्वतःच्या खर्चाने घालून दिलेलं, आणि कोटावरचा झेंड्याचा बिल्ला तो झोपतानाही काढत नसावा. दुसऱ्या आमच्या बाई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली. आमच्या गल्लीत नळ आला तोसुद्धा बाईंनी वर्षभर अर्ज खरडले म्हणून. पण बाई प्रार्थनेला कधी दिसायच्या नाहीत, आणि देशप्रेमावर त्यांनी कधी भाषण ठोकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

तरी हे सुरुवातीला बाईंच्याच बाजूने होते. "देवाचं त्यांचं त्या बघतील," म्हणायचे, "पाणी आणलं ना?"

मग एके दुपारी बाईंचे शिवलेले पडदे द्यायला म्हणून गेले ते पडद्यांसकट परत आले. चेहरा लालबुंद.

"झेंडा कापत होत्या," म्हणाले. "शाळेचा झेंडा मांडीवर आणि हातात कात्री! दारातूनच मागे फिरलो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

कुठल्या डोळ्याने, असं मी तेव्हाच विचारायला हवं होतं. चार वर्षं सुई ओवून देणाऱ्या मला नाही तर कोणाला सुचणार हा प्रश्न? पण सुचला नाही. खोटं कशाला बोलू, मला ते चटकन पटलं. प्रार्थनेला न येणारी बाई असलंच काहीतरी करणार, हे माझ्या मनात आधीपासून तयारच होतं जणू.

संध्याकाळपर्यंत बभ्रा झाला. काज करता करता मीही येणाऱ्या बायकांना सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. झेंडे शिवणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? ठेकेदाराला तर तोंडही उघडावं लागलं नाही. तो नुसता दुःखी चेहरा करून मान हलवायचा.

मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेचा शिपाई आला. नवा झेंडा शिवायचा होता, मापासाठी जुना आणला होता. ह्यांनी तो मांडीवर घेतला, सवयीने कडेवरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबले. पुन्हा फिरवलं.

"ही दुमड माझी नाही. हातशिलाई आहे."

शिपाई चुळबुळला. "बाईंची आहे. तुमची टीप हल्ली कडेवरून घसरते ना मास्तर, चार दिवसांत उसवते. दरवर्षी बाईच झेंडा घरी नेतात, तुमचे टाके काढतात आणि हाताने घालतात. निवृत्त झाल्या तरी सोडलं नाही. आम्हाला ताकीद आहे, दुकानात बोलायचं नाही."

तो गेला. झेंडा ह्यांच्या मांडीवर तसाच. चांगल्या नजरेच्या माणसाला दारातूनही दिसलं असतं, की कात्री कापडाला नाही, दोऱ्याला लागते आहे.

"नाक्यावर जाऊन सांगा," मी म्हणाले. "अजून वेळ आहे."

"काय सांगू? झेंडे शिवणाऱ्याला दिसत नाही, असं?"

मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. उलट मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची आजही शरम वाटते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी गुपचूप बाईंना मत दिलं आणि आपलं काम झालं असं समजून घरी आलो. बाई पडल्या. सपाटून पडल्या.

आठवड्याने आम्ही पडदे घेऊन त्यांच्याकडे गेलो. माझी मान वर होईना. हे उंबऱ्यातच बोलायला लागले, "बाई, त्या दिवशी मी—"

"पाहिलं होतं मी तुम्हाला," बाई म्हणाल्या. "हाकही मारली. तुम्ही थांबला नाहीत."

"मग लोकांना खरं का नाही सांगितलंत?"

"खरं सांगायचं तर तुमच्या डोळ्यांचंही सांगावं लागलं असतं मास्तर. मी पडले तरी मला पेन्शन आहे. तुम्हाला काय आहे?"

त्यांनी आम्हाला चहा दिला. पडदे उलगडून पाहिले. खालची शिवण एका बाजूला वर गेली होती. ती त्यांनी बोटाने सरळ केली आणि पडदे घडी करून ठेवले. मग म्हणाल्या, पोस्टाचा झेंडाही आता जुना झालाय, त्यांना मी तुमचंच नाव सांगितलंय.

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. वाटलं, आता तरी 'नको' म्हणतील. निदान मी म्हणेन.

पिशवीतली वही काढून मी पोस्टाच्या झेंड्याची ऑर्डर लिहून घेतली.