उद्या मास्तरांचा पिंपळ

चौकातल्या शिंप्याला खरं नाव होतं, पण ते बहुधा त्याच्या बायकोलाच आठवत असावं. बाकी सगळ्यांसाठी ते 'उद्या मास्तर'. कुणी पायरी चढलं की मास्तर टेप गळ्यात आणि टाचण्या ओठांत धरून, मान किंचित कलती करून म्हणत, "उद्या नक्की!" आणि तेही इतक्या गोड आवाजात, की रिकाम्या हाताने परतणारं गिऱ्हाईक जाताना आभार मानून जाई. एक वाक्य असं टाकता यावं म्हणून रंगमंचावर माणसं जन्म घालवतात. मास्तर ते दिवसाला वीस वेळा टाकत, आणि ते एकदाही पडत नसे.

त्यांच्या या वाक्याला न भुलणारं गिऱ्हाईक एकच, त्यांची लेक. तिला दूरच्या, थंड हवेच्या शहरात नोकरी लागली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं, आणि पहिल्या दिवशी कोट घालीन तर बाबांच्या हातचाच, असा तिचा हट्ट होता. निळं कापड आलं, अस्तर आलं, बटणं आली. कोट काही येईना.

"बाबा, माझा कोट?"

"उद्या, बाळा."

"कुठला उद्या? या आठवड्यातला, की पुढच्या जन्मातला?"

याच सुमारास पिंपळाचा प्रश्न उभा राहिला. वर्षभरापूर्वी दुकानाच्या मागच्या भिंतीत, पावसाच्या पाइपाशेजारी, कुण्या पाखराच्या कृपेने एक रोप उगवलं होतं. भिंतीला तडा गेला तेव्हा गवंडी बोलावला. त्याने वर पाहिलं, थापी खाली ठेवली आणि हात जोडले. "पिंपळ उपटायचा? मास्तर, दुसरं काहीही सांगा." शेवटी मास्तरच शिडीवर चढले. जुनी शिवण उसवावी तशी भिंत भिजवत भिजवत त्यांनी एकेक मुळी सोडवली आणि खिळ्याने भोकं पाडलेल्या रंगाच्या डब्यात रोप लावलं. त्याला नवी पानं फुटत ती तांबूस, लुसलुशीत, इस्त्री न केलेल्या रेशमासारखी. आणि प्रत्येकाला लांबलचक शेपूट. आता मुळं डब्याच्या भोकांतून बाहेर डोकावू लागली होती. त्याला जमीन हवी होती.

चौक अगदी उघडाबोडका. सावली सगळ्यांना हवी होती, पण पिंपळ दारात कुणालाच नको होता. पिंपळाखाली खोटं बोलू नये, त्याचं पान न् पान ऐकत असतं, वारा पडलेला असतानाही ते सळसळतं ते काय उगाच, असं जुनी माणसं सांगत आलेली. कापडवाल्याने तर कानावर हात ठेवले. "झाड पवित्र आहे, मान्य. पण त्याच्याखाली उभा राहून 'रंग जाणार नाही' कसं म्हणू? पोटावर पाय नका देऊ, मास्तर." जुनी घड्याळं विकणारा म्हणाला, "माझ्याकडे तर मुळीच नको."

बायको म्हणाली, "अहो, मग आपल्याच समोर लावा की. भिंतीपासून लांब, नळाच्या अलीकडे."

"अगं, पण माझा धंदा?"

"का? तुम्ही कधी खोटं बोलता का?"

तिने इतक्या भोळ्या चेहऱ्याने विचारलं, की मास्तरांनी मुकाट्याने फावडं उचललं.

दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या बाई आल्या. "मास्तर, वर्गाचे पडदे?"

"उद्या नक्की!"

बाईंनी त्यांच्या गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं धरली आणि मास्तरांना थेट पिंपळापाशी आणून उभं केलं. "हं. आता बोला."

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. "पंधरा दिवस लागतील. कापड अजून गाठोड्यातून काढलेलं नाही."

"मग असं सांगावं माणसाने!" म्हणत बाई खुशीत निघून गेल्या. झालं! मग जो येई तो मास्तरांना टेपने ओढत बाहेर नेई.

"अहो, झाड गुडघ्याएवढं," मास्तर कळवळून म्हणत, "सावली पडते रुमालाएवढी!"

"मग रुमालाएवढंच खरं बोला," कापडवाला समोरून ओरडे. त्याची तर रोजची करमणूकच झाली होती.

एक तारीख तोंडावर आली तेव्हा लेक दुकानात आली. तिने टेप धरला नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा बाबांचा हात धरला आणि त्यांना बाहेर नेलं.

"बाबा, कोट कुठवर आलाय?"

वारा नव्हता. तरी एका पानाचं शेपूट हललं.

"बेतलासुद्धा नाही."

"का?"

"कात्री लावली की कोट होणार. कोट झाला की तू जाणार."

कान टवकारून बसलेल्या चौकाला एकाएकी खूप कामं आठवली. कापडवाला मघाशीच घडी केलेलं कापड पुन्हा घडी करू लागला.

लेकीने डोळे पुसले आणि नाक वर केलं. "जाणार तर मी आहेच. बिनकोटाची जाईन. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर कुडकुडत उभी राहीन. चालेल?"

"मुळीच नाही चालणार!" मास्तर उसळले आणि तरातरा आत गेले. थोड्याच वेळात टेबलावर निळं कापड पसरलं आणि त्यावर खडूची पांढरी रेघ सरसर धावली.

निघायच्या दिवशी तिने कोट पिंपळापाशीच अंगात घातला. असा बसला होता की बायकोलाही नाव ठेवायला जागा सापडेना. मास्तरांनी बाहीची कड उलटून दाखवली. "आत कापड जास्त सोडलंय. अंगाने भरलीस की सैल करून घ्यायला इथेच यायचं. दुसऱ्या कुणाची कात्री लागता कामा नये."

"बरं."

"मग, परत कधी येशील?"

तिने पिंपळाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बॅग उचलली, मोजून मापून पावलं टाकत झाडापासून चांगली लांब, पार कापडवाल्याच्या पायरीपर्यंत गेली. तिथे वळली, मान किंचित कलती केली आणि थेट बापाच्या सुरात म्हणाली,

"उद्या नक्की!"

सगळा चौक खदखदून हसला. मास्तरही हसले, टेपच्या टोकाने डोळे पुसत. मग तिच्यासाठी भरून आणलेला आणि गडबडीत तसाच राहिलेला पाण्याचा तांब्या त्यांनी पिंपळाच्या बुंध्याशी ओतला आणि आत जाऊन बाईंच्या पडद्यांचं गाठोडं सोडलं.