कापडावरचं गाव

आमच्या रेकॉर्ड रूमला लोक 'धुळीचं गोदाम' म्हणतात. म्हणोत बापडे! उदगीरकडच्या एका तहसिलीत मी हे गोदाम सांभाळते. कागद शोधायला आलेला माणूस नक्कल घेऊन जातो आणि किस्सा इथंच ठेवून जातो. असे इतके साचलेत, की आता चहाला कोणी बसलं की मी सुरूच होते.

निजामाच्या वेळचे कागद उर्दूत आहेत. ते वाचायला काझीसर दर गुरुवारी येतात. शाळेतून रिटायर झालेत. चहाशिवाय काही घेत नाहीत, पण चहा कडकच लागतो!

*

एक पाटील आले. "आमचे पणजोबा जहागीरदार व्हते, तेवढा कागद काढा." नक्कल लावायला काचेची फ्रेमसुद्धा आणलेली!

काझीसरांनी कागदांचे सगळे बस्ते उलटेपालटे केले. शेवटी पणजोबा सापडले. त्यांचा बैल लोकांच्या ज्वारीत शिरायचा आणि पुन्हा पुन्हा कोंडवाड्यात जायचा, त्याची तक्रार होती.

"जहागीर कुठं दिसंना," सर म्हणाले.

पाटलांनी फ्रेम मांडीवर पालथी ठेवली. मग हळूच, "बैल तरी आमचाच व्हता न्हवं? नक्की?"

नक्कल घेऊन गेले. फ्रेममध्ये लावली म्हणे!

*

भोकरहून एक कांबळेसाहेब आले, बँकेतून निवृत्त झालेले. आजोबांचं मूळ गाव आमच्या तालुक्यातलं. वस्तीला विहिरीचं पाणी मिळावं म्हणून आजोबांनी अर्ज केला होता, असं घरात सांगत असत. अर्ज खरंच सापडला. खाली आजोबांचा अंगठा.

"यावर शेरा काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"शेरा नाही," काझीसर म्हणाले. "नुसता पोचल्याचा शिक्का आहे."

साहेबांनी आपला अंगठा त्या अंगठ्याशेजारी, कागदाला न लावता धरला. जन्मभर सह्या केलेला माणूस! म्हणाले, "माझा लहान पडतोय."

त्या दिवशी सरांनी चहा मागितला नाही.

*

आमच्याकडे तलावात गेलेल्या एका गावाचा नकाशा आहे. बुडायच्या आधी घरं मोजली, तेव्हाचा. कापडावर चिकटवलेला आणि एवढा मोठा, की टेबलावर मावत नाही, जमिनीवर अंथरावा लागतो. त्या गावची माणसं आली की दारातच चपला काढतात. मी कधी कोणाला काढायला सांगितलेलं नाही.

एकदा दोघं म्हातारे वाकून बघत होते. एकजण दुसऱ्यावर केवढ्यानं खेकसला, "आरं सरक की! मारुतीच्या पारावर हुबा हायेस!"

आणि तो खरंच टुणकन बाजूला झाला.

*

त्याच गावच्या एक आजी पुतण्याला घेऊन आल्या. कपाळाला भस्म, हातात काढलेल्या चपला.

"तीन वर्साचं पोर व्हतं माजं, तापानं गेलं," त्या म्हणाल्या. "मीबी तापातच पडून व्हते. आमच्यात मातीत ठिवतेत. मालकानं न्हेऊन ठिवलं. मी ती जागा बघितलीच न्हाई बाई. फुडं गाव उठलं, मालक गेले. आता उनाळ्यात पाणी हटतंय, फुलं वाहावी म्हणते. पण जावं कुठं?"

मी खरं ते सांगितलं. नकाशात स्मशान दाखवलंय, पण कोणाची समाधी दाखवलेली नाही.

"आसू द्या. मालकानं वाट सांगितलेली हाय मला."

मी नकाशा अंथरला. आजी कडेला बसल्या, वाकल्या. पुतण्यानं घर दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बोळातून हळूहळू पुढं न्यायला लागल्या.

पुतण्याला बसची घाई. "काकू, स्मशान ते काय समोर! सरळ ने की बोट."

"सरळ कसं? मदी लोकांची घरं हायेत."

बोट पाराला वळसा घालून वेशीतून बाहेर पडलं. ओढ्याच्या कडेनं गेलं. लिंबाच्या खुणेपल्याड थांबलं.

"हितं," आजी म्हणाल्या. दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर नीट केला.

काझीसरांच्या चहावर साय धरली.

बऱ्याच वेळानं पुतण्या दबक्या आवाजात म्हणाला, "काकू, झालं न्हवं? उचल आता बोट."

"थांब की रं. आजून घराकडं जायाचंय."

आणि त्यांचं बोट आल्या वाटेनं, ओढ्याच्या कडेकडेनं, वेशीकडं निघालं.