कांचनने नाकारलेला दुसरा अल्बम

बरखेड्याच्या क्वार्टरांत राहणाऱ्या देवपुजारींची कांचन अकरा वर्षांची असताना तिचा अल्बम निघाला आणि भोपाळच्या न्यू मार्केटमधल्या कॅसेटच्या दुकानांत तिचं पोस्टर लागलं. निळं परकर-पोलकं घातलेली मुलगी आणि तिच्यामागे व्हायोलिनवाल्यांची रांग. फोटोतली कांचन कोणाकडे तरी बघून हसते आहे. ती बघत होती आईकडे. आई, म्हणजे शारदाताई, फोटोग्राफरच्या मागे उभी राहून 'पाठ सरळ ठेव' असं खुणेनं सांगत होती.

देवपुजारी मूळचे अमरावतीचे. कांचनचे वडील उदयराव भेलच्या, म्हणजे सरकारी वीजयंत्रांच्या, कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि भोपाळचेच होऊन गेले. घरात गाणं म्हणावं असं कोणी नव्हतं. कांचन मात्र रांगायच्या वयात कारखान्याच्या भोंग्यात सूर मिसळायची, असं शारदाताई सांगत, आणि ऐकणारा हसला की चिडत. सहाव्या वर्षी तिला पिपलानीतल्या प्रमिलाबाई आठल्यांकडे घातलं. बाई पुण्याच्या, एका इंजिनियरच्या पत्नी. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून त्या गाणं शिकवत. आवाज कधी चढवत नसत, पण सूर हलला की तंबोरा वाजवायचा थांबवत. ती शांतता मुलींना रागावण्यापेक्षा जड जाई.

मुंबईच्या एका मोठ्या म्युझिक कंपनीत काम करणारे नीळकंठ सरदेशमुख, कांचनला अकरावं लागलं त्या वर्षी, गणपतीत भोपाळला बहिणीकडे आले होते. बहिणीचे यजमानही भेलमध्येच. मंडळाच्या मांडवात कांचनने तोडीतली चीज म्हटली आणि सरदेशमुख खुर्चीतून उठून थेट स्टेजच्या मागे गेले. त्यांच्या डोक्यात कल्पना पक्की होती: आपल्या बंदिशी, लहान मुलीचा आवाज आणि साथीला पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंद.

उदयराव आधी प्रमिलाबाईंना विचारायला गेले. बाईंनी तंबोऱ्याला गवसणी घातली. मग म्हणाल्या, "गाऊ दे. अशी संधी मी कोणत्या तोंडानं अडवू? पण परत आली की क्लास बुडवायचा नाही."

मुंबईच्या स्टुडिओत कांचनच्या कानांवर मोठे हेडफोन चढवले. व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या सगळं चेन्नईत आधीच रेकॉर्ड झालं होतं. तिनं त्याच्या बरोबरीनं गायचं होतं. पहिल्यांदा ते सगळे सूर एकदम कानात आले तेव्हा ती गायचंच विसरली. असं काही जगात असतं हे तिला ठाऊक नव्हतं. आलाप अर्ध्या मिनिटात आवरायचा, सम जिथे पडेल तिथेच पडली पाहिजे, हे तिला झटकन जमलं. सरदेशमुखांनी काचेमागून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या.

अल्बम चालला, आणि चांगलाच चालला. पुढची दोन वर्षं कांचन दिल्लीला गेली, कोलकात्याला गेली, टीव्हीवर आली. चार इमलीतल्या साहेबांच्या बंगल्यांवरून बोलावणी येत. जेवणाआधी टेप लावायची, कांचनने त्यावर गायचं, पाहुण्यांनी गाल ओढायचे. उदयराव कारखान्यात ओळखले जाऊ लागले ते 'कांचन के पापा' म्हणून. रजा मागायला गेले की साहेब आधी मुलीची चौकशी करत. उदयरावांची चालच बदलली. आणि क्लास? आधी आठवड्यातून एकदा झाला, मग महिन्यातून, मग राहूनच गेला.

तेरा संपून चौदावं लागलं त्या हिवाळ्यात नागपूरला मावशीच्या ओळखीनं एका घरगुती बैठकीत तिचं गाणं ठरलं. पन्नासेक माणसं, तंबोरे, तबला, पेटी. टेप नव्हती. कांचनने तोडी सुरू केली. अल्बममध्ये होतं तेवढं सगळं गाऊन झालं आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याजवळचं संपलं. तबलजी ठेका धरून होता. तिनं स्थायी पुन्हा घेतली, पुन्हा तीच तान, पुन्हा तीच जागा. समोरची माणसं भली होती. कोणी हललं नाही, कोणी कुजबुजलं नाही. शेवटी तिनंच हात जोडले. एक आजी पुढे येऊन म्हणाल्या, "गोड गळा आहे हो बाळ. लहान आहेस अजून."

परतीच्या गाडीत उदयराव बैठकीचं कौतुक करत राहिले. कांचन खिडकीकडे तोंड करून बसली होती. भोपाळ येईपर्यंत तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून ती एकटीच पिपलानीला गेली. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, इतके दिवस कुठे होतीस असं विचारलं नाही. तंबोरा जुळवला. "तोडी म्हण," म्हणाल्या.

कांचन षड्जावरून रिषभावर, तिथून गंधारावर आली. तंबोरा थांबला. पुन्हा सुरू झाला. ती गंधारावर आली की पुन्हा थांबला.

"बाई, काय चुकतंय?"

"गंधार चढा लागतोय. तोडीचा गंधार खाली असतो, पार खाली. तू लावतेस तो त्या वाद्यांचा. त्यांच्यात तो बरोबर आहे, ती वाद्यं तशीच जुळवलेली असतात. दोन वर्षं तेच कानात बसलंय."

"मग आता?"

"आता काय! काढायचा आणि नवा लावायचा. वर्ष जाईल, जास्तही जाईल. तोवर बाहेर कुठे गायचं नाही. बघ, झेपतंय का."

"झेपेल," कांचन म्हणाली. नंतर ती सांगायची, की तेव्हा झेपेल म्हणजे काय हे मला कुठे कळत होतं! नागपूरला झालं तसं पुन्हा कुठल्या बैठकीत होऊ द्यायचं नाही, एवढंच कळत होतं.

आणि नेमके त्याच महिन्यात सरदेशमुख भोपाळला आले. दुसरा अल्बम करायचा होता. या वेळी वाद्यवृंद परदेशातला, रेकॉर्डिंग लंडनमध्ये. उदयराव सकाळपासून आत-बाहेर करत होते. शारदाताईंनी बासुंदी आटवली होती. सरदेशमुखांनी सगळं नीट समजावून सांगितलं. माणूस सज्जन होता, खोटं काही बोलत नव्हता.

कांचन उभी राहिली. "काका, मला नाही करायचा."

उदयराव हसले. "अगं, गंमत करतेय ती. कांचन, बस खाली."

"गंमत नाही पप्पा. मला गाणं येत नाही."

"येत नाही? सारा हिंदुस्तान सुनता है, आणि म्हणे येत नाही!"

"जेवढं येत होतं तेवढं त्या अल्बममध्ये संपलं. नागपूरला पाहिलंत ना तुम्ही? मी बाईंकडे परत शिकायला लागलेय."

"शीक की! दोन्ही कर. नाही कोण म्हणतंय?"

"दोन्ही होत नाही. ती वाद्यं कानात गेली की माझा गंधार हलतो. पक्का झाला की मग कुठेही गाईन."

सरदेशमुखांनी चष्मा काढून पुसला. "बेटा, मी तुला फसवणार नाही. आणखी दोन वर्षांनी तू लहान मुलगी राहणार नाहीस. मग कंपनी हा अल्बम तुझ्याबरोबर करणार नाही. आम्हाला दुसरं मूल शोधावं लागेल."

"शोधा, काका," कांचन म्हणाली.

"लोक विसरतील तुला!" उदयराव ओरडले.

"विसरू देत."

सरदेशमुख बासुंदी खाऊन, शारदाताईंना नमस्कार करून गेले. त्यानंतर उदयराव मुलीशी बोलेनासे झाले. जेवताना 'तिला भाजी वाढ' असं शारदाताईंना सांगत. कारखान्यात लोक नव्या अल्बमचं विचारत, तेव्हा 'परीक्षा आहे' म्हणून वेळ मारून नेत. सहा महिन्यांनी दुसऱ्या एका मुलीचा अल्बम बाजारात आला. कांचनने तो विकत आणला, दार लावून ऐकला. थोडी रडली. मग सायकल काढून क्लासला गेली.

ते वर्ष आणि पुढचं वर्ष तिनं जे केलं ते सांगण्यासारखं नाही, कारण रोज तेच केलं. पहाटे उठून खर्ज, मग बाईंकडे तोडी, मग शाळा. गंधार एखाद्या दिवशी लागे, आठवडाभर लागत नसे. कधीतरी ती सतरंजीवर हात आपटायची. बाई म्हणायच्या, "सतरंजीनं काय केलंय? पुन्हा सा लाव."

एका पावसाळी सकाळी सायकलचं चाक बसलं. कांचन अंगणात पंप घेऊन खटपट करत होती, हवा भरत नव्हती. उदयराव फर्स्ट शिफ्टला निघायचे होते. त्यांनी काही न बोलता स्कूटर काढली, किक मारली आणि ती सुरू ठेवून उभे राहिले. कांचन मागे बसली. बाईंच्या दाराशी उतरवताना ते म्हणाले, "उद्यापासून मीच सोडतो. चिखल फार आहे." चिखल वाळला, उन्हाळा आला, तरी स्कूटर चालूच राहिली.

कांचन मोठी गायिका झाली असं कोणी म्हणणार नाही. लोक तिला खरंच विसरले. आकाशवाणीच्या पहिल्या ऑडिशनला ती नापास झाली. घरी येऊन म्हणाली, "पुढच्या खेपेला." पुढच्या खेपेला पास झाली. त्या जुन्या अल्बमबद्दल कोणी नाक मुरडलं तर तिला राग येई. "छान होता तो," ती म्हणे. "मीच तेव्हा अर्धी होते."

तिचं पहिलं सकाळचं प्रसारण होतं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. उदयरावांची निवृत्ती जवळ आलेली, क्वार्टर सोडावं लागणार म्हणून कोलार रोडवर घर बांधायला काढलं होतं. त्या सकाळी शारदाताई घरी रेडिओपुढे बसल्या. उदयराव मात्र लहानसा ट्रान्झिस्टर घेऊन साइटवर गेले, कारण गवंडी त्याच दिवशी येणार होते. वरच्या मजल्यावर फरशी ठोकून बसवण्याचा दणदणाट चालू होता. निवेदिकेनं नाव घेतलं, 'कांचन देवपुजारी', आणि उदयराव जिन्याकडे धावले.

"भैया, हथौड़ा बंद करो! थोड़ी देर. मेरी बेटी गा रही है."

गवंडी खाली उतरला, त्याच्या मागोमाग बाकीचे. सिमेंटच्या गोण्यांवर सगळे बसले. ट्रान्झिस्टर विटांच्या ढिगावर ठेवला होता. कांचन घाई न करता गात होती. एकेका सुरावर थांबत, पुढे जात, परत येत. गवंड्यानं हळूच विचारलं, "साहब, कितनी देर चलेगा?"

"पता नहीं," उदयराव म्हणाले. "बैठो आराम से. आज की दिहाड़ी पूरी मिलेगी."