भातसेत सोडलेली अकरा खोकी

पष्टे सरांची नि माझी ओळख मुरबाडच्या एका लग्नात झाली. बारावी अर्धी सोडून मी हिंडत होतो, तेव्हा वाढप्याचं काम धरलं होतं. (वालाचं बिरडं फार छान झालं होतं. असो.) पंगती उठल्यावर सर जवळ आले. "उरलेल्या लग्नपत्रिका आहेत का रे? पाठकोऱ्या?"

सर आसनगावजवळच्या सूतगिरणीत स्टोअर सांभाळत. यंत्रं इटलीची, पुस्तिकाही इटालियन. 'रुओता' म्हणजे चाक, 'रोतेल्ला' म्हणजे छोटं चाक. फरक कुणाला कळेना, भलतेच सुटे भाग यायचे. सरांनी शब्दकोश मागवला, आणि प्रत्ययांचा नाद लागला तो कायमचा. 'लिब्रो' पुस्तक, 'लिब्रेत्तो' पुस्तुकलं, 'लिब्रोने' ठोकळा, 'लिब्राच्चो' भिकार पुस्तक. कुठला प्रत्यय लॅटिनातून उतरला, कुठला जर्मन टोळ्यांनी आणला, हे सर एकेका पत्रिकेच्या पाठीवर लिहीत.

'बुजार्दो' म्हणजे खोटारडा हे कळल्यावर मी विचारलं, "सर, त्यांचा 'आर्दो' नि आपला 'आरडा', हे दोघं सख्खे भाऊ ना?"

"दिसतात रे. पुरावा नाय. तोंडं सारखी म्हणून सोयरीक जुळवायची नाय."

तरी माझा प्रश्न त्यांनी टिपून ठेवला, खाली माझं नाव घातलं. शाळेत माझं नाव फळ्यावर यायचं, ते दंगेखोरांत.

आता जे सांगायचं ते राग धरूनच सांगतो. सरांच्या पंचाहत्तरीच्या सत्कारासाठी आपण गावकऱ्यांनी वाचनालयाचा हॉल झाडला. सरांची पत्रिकांची एकूण चौदा खोकी, त्यातली अकरा तिथल्या कपाटात होती. ती आपण भातसा नदीत सोडली. तीन सरांच्या घरी होती, म्हणून वाचली.

सत्कार समितीतल्या दादांना मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, पत्रिकांवर गणपतीचं चित्र व्हतं. कचऱ्यात टाकायचं का? आमी पाया पडून सोडल्या."

"पाठीमागं बघितलं नाय?"

"डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं कायतरी लिवलेलं. लग्नं तर कधीच झालेली."

आणि त्याच संध्याकाळी व्यासपीठावरून 'इटालियनचे गाढे अभ्यासक' म्हणून शाल घातली. गाढे काय हे कुणी वाचलं होतं? सरांनी शाल घेतली, हात जोडले. घरी जाताना मीच चिडून बोलत होतो. सर म्हणाले, "पाया पडले ना? मग शिव्या देऊ नको त्यांना." मला ते पटलेलं नाही. त्यांनी माफ केलं म्हणून आपण सुटत नाही.

आता सर सांगतात, मी लिहितो. त्यांचे डोळे थकलेत. अकरा खोकी पुन्हा भरायला नऊ वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा 'शतायुषी व्हा' असं वरवर म्हणू नका. सरांना ती नऊ वर्षं धडधाकट मिळोत, जीभ नि स्मरण शाबूत राहोत, आणि त्यापुढेही पुष्कळ वर्षं नुसतं ओटीवर बसून आंबे खायला मिळोत. ज्यांनी खोकी उचलली त्यांनी रविवारी पेन घेऊन यावं. सर नाही म्हणणार नाहीत. मी दार उघडीन, पण गोड बोलेन असं नाही.