बाबांची एकटी चप्पल
होडीच्या इंजनात माझा हात धरणारा अख्ख्या थळात कुणी न्हाय. पहिल्यांदा खोललं तेव्हा तीन नट उरले व्हते, ते अजून डब्यात हायेत. आज खाटेखाली झाडू मारताना बाबांची एकटी चप्पल निघाली. बाबा आजारी व्हते तेव्हाची गोष्ट. होडीमागच्या इंजनाखालचा रबर फाटलेला, थडथडून सगळे नट सुटायचे, आणि नव्या रबराला खिसा रिकामा. बाबा दोन महिने अंथरुणात. यांना आता कुठं चालायचंय, म्हणून त्यांची एक जाड टायरची चप्पल कोयतीनं कापली नि इंजनाखाली ठोकली. दोरी ओढली, इंजन सुरू, एकही नट हलला न्हाय! मी वाळूतून नाचतच घरी आलो, "बाबा, चालू झालं!" बाबा उठून बसले, पायानं खाटेखाली चाचपायला लागले. "चल, मला होडीत बसव. चपला कुठं हायेत रं?" मी हसत उरलेली चप्पल दाखवली. त्यांनी ती बघितली, पाय वर घेतले, भिंतीकडं तोंड केलं. परत उठलेच न्हाईत. आज आयला ती चप्पल दाखवून म्हटलं, "हिची जोडीदारीण अजून दर्यात फिरतेय बघ." आय म्हणाली, "दात काढू नको. जित्या माणसाची चप्पल कापलीस तू."